सतरा नंबरचे उंदीर

मार्चमध्ये शरयूला आलेली फिट बावीस मिनिटं चालली. शाळेतून फोन आला तेव्हा हेमांगी पिंजरे धूत होती. ती हातमोज्यांसकट धावत सुटली आणि मिळेल त्या रिक्षात बसली. ती दवाखान्यात पोचली तेव्हा शरयूच्या दंडात सुई टोचलेली होती आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे होते. थोड्या वेळानं फिट थांबली. बाहेर आल्यावर त्या तरुण डॉक्टरांनी हेमांगीला आणि तिच्या नवऱ्याला, प्रल्हादला, शांतपणे सांगितलं, की अशी फिट अर्ध्या तासाच्या वर गेली तर मेंदूला कायमची इजा होते आणि कधीकधी मूल हाती लागत नाही. औषधाचे तीन प्रकार देऊन झाले होते. चौथा त्यांच्याकडे नव्हता.

शरयू तेव्हा पाच वर्षं आणि पाच महिन्यांची होती.

ती बोलत नव्हती. हाक मारली तरी वळत नव्हती. काही मनाविरुद्ध झालं, किंवा काहीही न होता, ती उजवा हात तोंडात घालून मनगटाजवळ कडकडून चावायची. तिथली कातडी जाड आणि काळसर झाली होती. प्रल्हाद पाटबंधारे खात्यात नोकरीला होता. त्यानं जुन्या चामड्याची, आतून स्पंज लावलेली एक पट्टी तिच्या मनगटासाठी स्वतः शिवली होती. रोज संध्याकाळी तो तिच्यासमोर मांडी घालून बसायचा, तिच्या पायाची बोटं एकेक मोजायचा, गाणी म्हणायचा. पाच वर्षांत तिनं त्याच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. उचलून घेतलं तर ती लाकडासारखी ताठ व्हायची.

हेमांगीच्या बाबतीत थोडंसं वेगळं होतं. ती कामावरून येऊन फरशीवर बसली की शरयू भिंतीच्या कडेनं सरकत यायची आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. आजी राहायला आली, मावशी आली, त्यांच्यापाशी ती तशी कधी बसली नाही. हे सुख हेमांगीनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, प्रल्हादला तर नाहीच.

हेमांगीची नोकरी साताऱ्याच्या बाहेर, हायवेपासून आत असलेल्या एका मेंदू-संशोधन संस्थेत होती. उंदरांची देखभाल हे तिचं काम. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या उकळायच्या, कोणत्या मादीला कधी किती पिल्लं झाली ते लिहायचं. लग्नाआधीपासून ती हे करत होती. उंदीर तिला आवडायचे असं नाही, पण तिला ते कळायचे. एखादा आजारी पडणार असला की त्याच्या पाठीवरच्या केसांवरून तिला आदल्या दिवशीच अंदाज यायचा.

शरयू अडीच वर्षांची असताना संस्थेच्या प्रमुख डॉक्टर सुनीती परचुरे यांनीच तिची जनुकीय तपासणी करून घेतली होती. सगळ्याचं मूळ एका अक्षरात सापडलं. आपल्या प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात, चार अक्षरांच्या लिपीत, कोट्यवधी अक्षरं. त्यातली एक सूचना मेंदूच्या दोन पेशी जिथं एकमेकींना भेटतात, त्या सांध्यावरचं एक प्रथिन बनवण्याची. तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. शरयूच्या एका प्रतीत एक अक्षर बदललं होतं. हेमांगीत तो बदल नव्हता, प्रल्हादमध्येही नव्हता. बीज पडतानाच कुठंतरी झालेली ती चूक होती. तेवढ्यानं प्रथिन निम्मंच तयार होत होतं. त्यामुळे काही सांधे नको इतके घट्ट झाले होते आणि काही जुळलेच नव्हते.

उंदरातही तीच सूचना असते, जवळजवळ त्याच अक्षरांत. म्हणून संस्थेत मुलाच्या जनुकातली नेमकी चूक उंदराच्या गर्भात लिहीत आणि त्या मुलासाठी उंदरांचा वेगळा वंश वाढवत. उंदीर दोन महिन्यांत मोठा होतो. मुलात जे कळायला दहा वर्षं लागतील ते उंदरात एका हंगामात दिसतं. शरयूच्या वंशाचा नंबर सतरा होता.

उंदराला ऑटिझम होत नाही, हे डॉक्टर परचुरे प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगायच्या. मूल का बोलत नाही ते उंदराला विचारून कळणार नाही. पण उंदीर दुसऱ्या उंदराकडे जातो की कोपऱ्यात बसून राहतो, स्वतःचं अंग किती वेळ चाटतो, पिल्लू घरट्याबाहेर पडलं तर आई ते उचलून आणते की नाही, हे मोजता येतं. पूर्वी ते माणसं मोजायची, हातात घड्याळ घेऊन. आता एक यंत्रणा मोजायची. पिंजऱ्यांवर कॅमेरे होते, माणसाच्या कानाला न ऐकू येणारी उंदरांची बोली टिपणारे मायक्रोफोन होते, आणि ह्या सगळ्यातून उंदराच्या वागण्याला शंभरपैकी एक आकडा देणारी संगणकप्रणाली होती. संस्थेत तिला सगळे ‘वाचक’ म्हणायचे. निरोगी उंदराला वाचक ऐंशीच्या आसपास गुण द्यायचा. सतरा नंबरच्यांना एकोणीस मिळाले होते. ते स्वतःला चाटून चाटून मानेवर जखमा करून घेत. त्यांच्या माद्या थंड पडत चाललेल्या पिल्लांकडे बघतही नसत.

एप्रिलमध्ये सतरा नंबरच्या बारा उंदरांना उपचार दिला. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत त्या सूचनेची बरोबर प्रत भरून तो मेंदूत सोडायचा, तो पेशीपेशीत जाऊन प्रत पोचवतो. हे एकदाच करता येतं. शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा आत शिरू देत नाही. आणि माणसाच्या मुलात ते सहा वर्षांच्या आत करावं लागतं. नंतर सांधे पक्के होतात, मग प्रथिन मिळूनही उपयोग नसतो.

मे महिन्याच्या मध्यावर वाचकनं आकडा दिला, चौऱ्याहत्तर. फिट एकालाही नाही. मानेवरच्या जखमा भरल्या. माद्या पिल्लं उचलून घरट्यात आणू लागल्या. डॉक्टर परचुरेंनी हेमांगीला खोलीत बोलावून तो आकडा दाखवला. तिनं तिथूनच प्रल्हादला फोन केला, तर तो कालव्यावर होता. त्यानं ऐकलं, मग फोनवर नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

चूक घडली ती त्यानंतर आठ दिवसांनी, आणि ती हेमांगीची होती. भुसा बदलताना तिनं बिनउपचाराची एक मादी उपचार झालेल्यांच्या पिंजऱ्यात सोडली आणि तिथली एक भलत्याच पिंजऱ्यात गेली. दोन दिवसांनी कानातल्या नंबरावरून तिच्या ते लक्षात आलं. एवढ्या वर्षांत तिनं अशी चूक केली नव्हती. पण तिला त्याहून वेगळ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलं. चूक दोन दिवस लक्षात आलीच कशी नाही? अनोळखी उंदीर पिंजऱ्यात आला की बाकीचे त्याला घेरतात, हुंगतात, पाठलाग करतात, तासभर गोंधळ असतो. तिनं त्या दिवशीचं चित्रण पाहिलं. उपचार झालेल्या उंदरांनी नवी मादी जन्मापासून तिथंच असल्यासारखी आपल्यात घेतली होती.

मग ती बघत राहिली. बिनउपचाराचे सतरा नंबरचे उंदीर सगळ्यांपासून तोंड फिरवून असत, पण प्रत्येकाचा एक कुणीतरी होता. झोपताना एक ठरावीक बहीण दुसऱ्या ठरावीक बहिणीला खेटून झोपायची. त्यांना वेगळं केलं की खाणं सुटायचं. उपचार झालेले उंदीर मजेत होते, सगळ्यांकडे जात होते आणि जो जवळ असेल त्याला खेटून झोपत होते. आज एक, उद्या दुसरा.

रविवारी दुपारी संस्था रिकामी असताना तिनं तीन खणांची पेटी काढली. एका बाजूच्या खणात जाळीमागे बहीण ठेवली, दुसऱ्या बाजूला परकी मादी, आणि मधे चाचणीचा उंदीर सोडला. बिनउपचाराचा उंदीर कुणाकडेच गेला नाही, पण सरकत सरकत बहिणीच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन बसला. उपचार झालेला इकडे गेला, तिकडे गेला, पुन्हा इकडे. दोघींना सारखंच हुंगलं. सारखाच वेळ. तिनं उपचार झालेले आठ उंदीर पाहिले. आठही तसेच.

सोमवारी तिनं डॉक्टर परचुरेंना सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. त्या रागावल्या नाहीत. ओळखीचा आणि अनोळखी असा दुसरा टप्पा पूर्वी ह्या चाचणीत असायचा, त्या म्हणाल्या. पण सतरासारखे वंश कुणाकडे जातच नसत, त्यामुळे तुलना करायला काही उरायचं नाही, म्हणून तो गाळला होता. वाचकला शिकवताना परकाच उंदीर ठेवला होता. परक्याकडे गेला की गुण.

त्यांनी स्वतः चाचणी पुन्हा केली आणि चार दिवसांनी कारणही शोधलं. मेंदूत ओळखी साठवणारा एक छोटा भाग असतो. तिथल्या पेशींना हे प्रथिन मुळातच फार कमी लागतं, जास्त झालं की ओळख टिकत नाही. विषाणू मात्र सगळीकडे सारखंच वाटत जातो. तेवढा भाग वगळून जाणारा विषाणू तयार करता येईल, पण उंदरांत तपासून तो मुलांपर्यंत यायला दीड वर्ष लागेल.

“शरयूला सहा वर्षं कधी पूर्ण होतात?” त्यांनी विचारलं. त्यांना तारीख माहीत होती.

“ऑक्टोबरच्या नऊ तारखेला,” हेमांगी म्हणाली.

ह्याच सूचनेत कुठं ना कुठं चूक असलेली अकरा मुलं संस्थेच्या यादीत होती. त्यातली चार वर्षअखेरीपर्यंत सहाची होणार होती. संस्थेच्या समितीनं ठरवलं, की जे दिसलं ते पालकांना जसंच्या तसं सांगायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. जूनच्या पहिल्या शनिवारी सगळे पालक आले. डॉक्टर परचुरेंनी शास्त्र सांगितलं. पिंजऱ्यात काय पाहिलं ते हेमांगीला सांगायला लावलं. ती उभी राहिली तेव्हा समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर एकच भाव होता, की ही बाई आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायला आली आहे.

एका वडिलांनी विचारलं, की उंदरात झालं म्हणजे मुलांत होईलच का? डॉक्टर म्हणाल्या, कदाचित होणार नाही. माणसाचा मेंदू मोठा आहे, ओळखायच्या वाटा पुष्कळ आहेत. पण फिट उंदरात थांबली म्हणून मुलात थांबेल असं आपण मानतो, तर हेही मानायला हवं.

मिरजेहून आलेल्या फरीदा शिकलगार शेवटच्या रांगेत होत्या. त्यांचा झैद चार वर्षांचा होता.

“माझा मुलगा आत्ताही मला ओळखतो की नाही, मला माहीत नाही,” त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. “ताईंची मुलगी ओळखते, म्हणून ताईंना भीती वाटते. माझं जाण्यासारखं काहीच नाही.”

हेमांगी खाली बसली. त्या बाईंनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

घरी तीन आठवडे हाच विषय होता, आणि तरी दोघं त्याबद्दल बोलत नव्हती. शरयूला त्या काळात दोन फिट आल्या. एक नऊ मिनिटांची, एक सतरा. दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी शरयू नेहमीसारखी येऊन हेमांगीच्या पाठीला टेकून बसली. प्रल्हाद दारात उभा होता. हेमांगी म्हणाली, की दीड वर्ष थांबून नवा विषाणू आला तरी शरयूला तो लागू पडणार नाही, हे तिला कळतं. पण आपण आपल्या हातांनी तिच्याकडून हे एवढंसं काढून घ्यायचं? जगात तिला एक माणूस माहीत आहे. तोही राहणार नाही.



“तुला तिची पाठ तरी मिळते, हेमा,” तो म्हणाला. “मला पाच वर्षांत काय मिळालं?”

मग तो आत आला आणि त्यांच्यापासून थोडा लांब, भिंतीशी बसला. त्याचा आवाज खाली गेला. तो म्हणाला, ती सगळ्यांकडे सारखी गेली तर त्या सगळ्यांत मीही असेन. हे बोलायला मला लाज वाटते. पण ते सोडून दे. परवा तिचे ओठ निळे झाले तेव्हा मी फक्त एवढंच म्हणत होतो, की ती राहू दे. ती कुणाची राहते ते मी नंतर बघीन.

हेमांगीला त्याचा राग आला, आणि राग येण्यासारखं तो काहीच बोलला नव्हता हेही तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संमतीपत्रावर सही केली. त्यात एक वाक्य नव्यानं छापलेलं होतं: ‘उपचारानंतर मुलाची परिचित व्यक्तींना ओळखण्याची क्षमता कमी होऊ शकते.’ त्या वाक्यापुढे वेगळी सही लागत होती. तीही तिनं केली.

उपचार जुलैमध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात झाला. आदल्या संध्याकाळी शरयू रुग्णालयाच्या पलंगावर हेमांगीच्या पाठीला टेकून बसली होती. हेमांगी हलली नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या, नर्स दोनदा जेवणाचं विचारून गेली, तरी ती हलली नाही.

पहिले पाच आठवडे काहीच दिसलं नाही. मग चावणं कमी झालं. ऑगस्टच्या अखेरीस एक दिवस प्रल्हादनं मनगटाची पट्टी सोडली, ती पुन्हा बांधावी लागली नाही. फिट आली नाही. सप्टेंबरमध्येही आली नाही. शरयू झोपू लागली, हातानं जेवू लागली. एके दुपारी प्रल्हाद तिच्यासमोर बसून बोटं मोजत असताना तिनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. मग उठून त्याच्या मांडीवर जाऊन बसली. प्रल्हादनं तिला घट्ट धरलं आणि तो हुंदके देत रडला. हेमांगीही रडली, आणि त्या क्षणी तिला खरंच वाटलं, की आठ उंदरांवरून आपण उगीच घाबरलो.

पण पाठीशी येऊन बसणं बंद झालं होतं. हेमांगी रोज फरशीवर बसून वाट पाहायची. शरयू यायची, कधी मांडीवर, कधी गळ्यात हात टाकायला. दूधवाला आला तर त्याच्याही गळ्यात. मीटर वाचायला आलेल्या मुलीचा हात धरून ती जिना उतरून गेली. आजी दोन महिन्यांनी आली काय आणि शेजारीण रोज आली काय, हसू तेच. हेमांगी आठ दिवस प्रशिक्षणाला हैदराबादला जाऊन आली. दार उघडलं तेव्हा शरयूनं तिला मिठी मारली. तिच्यासोबत सामान घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्यालाही मारली.

पहिला शब्द ऑक्टोबरमध्ये आला. शाळेत बाईंकडे बघून ती “आई” म्हणाली. सगळ्यांनी हेमांगीचं अभिनंदन केलं. प्रल्हादनं पेढे वाटले. हेमांगीनं हातातला पेढा न खाता परत डब्यात ठेवला. प्रल्हादला ते दिसलं. तो म्हणाला, ती माझ्याकडे येते ती मी तिचा बाबा आहे म्हणून नाही, हे मला माहीत आहे. मला चालतं. तुलाही चालायला लागेल. हेमांगी म्हणाली, तुझ्याकडे आधी नव्हतं, म्हणून तुला चालतं. त्यानंतर दोघं काही दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती.

दिवाळीच्या सुट्टीत हेमांगी तिला घेऊन कराडला माहेरी निघाली. सातारा स्टँडवर गर्दी होती. चौकशीच्या खिडकीशी गाडीची वेळ विचारायला ती वाकली, पिशवी खांद्यावरून घसरली, ती सावरायला तिनं शरयूचा हात सोडला आणि पुन्हा धरायला गेली तेव्हा तिथं हात नव्हता.

पस्तीस मिनिटं ती प्रत्येक फलाटावर धावली. पूर्वीची शरयू हरवली असती तर कुठंतरी कोपऱ्यात कान झाकून सापडली असती. ही शरयू कुणाबरोबरही गेली असती, हसत. हेमांगी गाड्यांत चढून बघत होती, लोकांना फोटो दाखवत होती, आणि प्रत्येक सुटणाऱ्या गाडीच्या काचेत तिला तो हसरा चेहरा असल्यासारखा वाटत होता.

शरयू शेवटच्या फलाटावर एका म्हातारबाईंच्या मांडीवर केळं खात बसलेली होती. शेजारी एक महिला पोलीस उभी होती. बाईंनीच तिला बोलावलं होतं. हेमांगीनं झेप घेऊन शरयूला उचलायला हात पुढे केले, तर म्हातारबाईंनी तिला पदराआड घेतलं. मुलगी कुणाच्याही मागं जातीय, त्या म्हणाल्या, आधी खात्री करा.

पोलीस वाकली आणि शरयूला विचारलं, “ही कोण आहे, बाळा?”

शरयूनं हेमांगीकडे पाहिलं. “आई,” ती म्हणाली.

म्हातारबाईंचा हात सैल झाला. पण पोलिसाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं म्हातारबाईंकडे बोट केलं. आणि ह्या कोण?

“आई.”

“आणि मी?”

“आई,” शरयू म्हणाली आणि तिनं पोलिसाचा हात धरला.

हेमांगीनं फोनमधले फोटो दाखवले. जन्मल्यापासूनचे, शेकडो. पोलीस मायाळू होती, पण तिनं मान हलवली. फोटो काय, कुणाकडेही असतात हल्ली, कसेही बनवतात. मूल खूण देत नाही तोवर सोडता येणार नाही. जन्मदाखला घेऊन प्रल्हाद येईपर्यंत तासभर गेला. तो तासभर हेमांगी पोलीस चौकीतल्या बाकावर बसली होती आणि समोरच्या बाकावर तिची मुलगी पोलिसाच्या मांडीवर बसून तिच्या टोपीशी खेळत होती. मधे एकदा तिनं मान वर करून हेमांगीकडे पाहिलं आणि हसली. फार गोड हसली. समोर कुणीही असतं तरी ती तशीच हसली असती.

प्रल्हादनं दाखला टेबलावर ठेवला, मग येऊन हेमांगीच्या शेजारी बसला. तिचा हात हातात घेतला. “मला चालत नाही, हेमा,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो.”

कराडला जाणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरीदा शिकलगारांचा फोन आला. झैदच्या उपचाराची पाळी डिसेंबरमध्ये होती. तो अजून लहान होता, नव्या विषाणूची वाट बघितली तरी सहाच्या आत बसत होता. पण त्याला अजून वर्षभर तरी होतं. संस्थेनं त्यांना विचारलं होतं, आता देता की थांबता? त्यांनी डॉक्टरांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना आधी हेमांगीला विचारायचं होतं.

हेमांगीनं काही लपवलं नाही. साडेतीन महिन्यांत एकही फिट नाही, हे आधी सांगितलं. ती हसते, जेवते, झोपते, मनगटावरची कातडी मऊ झाली आहे. मग स्टँडवरचं सांगितलं.

“पुन्हा तीच वेळ आली तर सही कराल, ताई?” फरीदांनी विचारलं.

“करीन,” हेमांगी म्हणाली. “आमच्याकडं वेळ नव्हता, भाभी. तुमच्याकडं आहे. तुम्ही थांबा.”

“थांबलं, आणि मधेच त्याचं काही झालं तर?”

हेमांगीनं वळून पाहिलं. खोलीत शरयू रंगीत ठोकळे एकावर एक रचत होती. पडले की पुन्हा रचत होती, आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. सहा वर्षांत घरात हा आवाज नव्हता.

“ती अजून तुमची वाटते का?” फरीदांनी अगदी हळू विचारलं, ऐकलं नाही तरी चालेल अशा आवाजात.

“ती माझीच आहे,” हेमांगी म्हणाली. “मी तिची उरले नाही, एवढंच.”

फरीदा शिकलगारांनी थांबायचं ठरवलं. सोमवारी हेमांगी कामावर गेली. नवा विषाणू दिलेले पहिले सहा उंदीर आले होते, झैदच्या वंशाचे. तिनं त्यांच्या कानातले नंबर वाचून लिहून घेतले, भुसा घातला, पाणी ठेवलं. मग स्टूल ओढून ती पिंजऱ्यासमोर बसली आणि कोण कुणाला खेटून झोपतं ते बघू लागली.